‘हायपरस्पेक्ट्रल’ला मराठीत काय म्हणावं?

पीकरोगांवरचा एक लेख मराठीत लिहितेय. पानांच्या हायपरस्पेक्ट्रल प्रतिमा रोपाच्या थ्रीडी प्रतिकृतीवर बसवून रोग लवकर ओळखायचा, असा विषय. ‘अतिवर्णपटीय’ हा शब्द सुचवला गेलाय, पण मन घेत नाही.

प्रतिसाद १
‘वर्णपट’ रुळलेला आहे, तो ठेवाच. खटकतो तो ‘अति’. ‘अतिनील’मधला ‘अति’ म्हणजे पलीकडचा. त्यामुळे ‘अतिवर्णपटीय’ वाचून वर्णपटाबाहेरचं काही असावं असं वाटतं. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा प्रकाशाच्या तरंगलांबीचे मोजकेच पट्टे टिपतो, हायपरस्पेक्ट्रल शेकडो अरुंद पट्टे, एकाला एक लागून. इस्रोने २०१८ मध्ये सोडलेला हायसिस उपग्रह याच जातीचा. गंमत त्या सलगपणात आहे. म्हणून मी पहिल्याला ‘बहुपट्टी’ आणि दुसऱ्याला ‘सलगपट्टी’ म्हणेन.

‘अवरक्त’ (इन्फ्रारेड) मात्र समजावून सांगा, लोक ‘रक्त’ वाचून थबकतात. ‘तानापिहिनिपाजा’तल्या ‘ता’च्या अलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त भरपूर परत फेकतं. साधारण ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या दरम्यान हे परावर्तन एकदम चढतं. त्या ‘रेड एज’ला ‘तांबडी कड’ म्हणावं. हरितद्रव्य घटलं की ही कड सरकते.

प्रतिसाद २
थ्रीडीला ‘त्रिमितीय’ आहेच. मॉडेलला ‘प्रारूप’ नको, त्याला मसुद्याचा वास येतो. तुमचा ‘प्रतिकृती’ बरोबर. पॉइंट क्लाउडला, म्हणजे ज्या असंख्य मोजलेल्या बिंदूंतून ही प्रतिकृती उभी राहते त्यांना, ‘बिंदुपुंज’ कसा वाटतो? आणि ही जोडणी कशासाठी, ते जरूर लिहा: तिरकं किंवा सावलीतलं पान कॅमेऱ्याला काळपट दिसतं, निरोगी असूनही आजारी ठरू शकतं. प्रतिकृतीवरून पानाचा कल कळला की तेवढी दुरुस्ती करता येते.

प्रतिसाद ३
शेतकरी ‘पिकाला काळोखी आली’ म्हणतात, म्हणजे गर्द हिरवेपणा. फार सुंदर शब्द, मला तो लेखात हवाच आहे. पण निरोगीपणाला सरसकट वापरू नका. युरिया जास्त झाला तरी काळोखी येते, आणि मग मावा, तुडतुडे वाढतात.

मूळ प्रश्नकर्ती
‘सलगपट्टी’ घेतला, ‘तांबडी कड’ही. ‘काळोखी’ पानाच्या रंगापुरताच ठेवते. आता ‘केवडा’ अडलाय. द्राक्षावर केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, बुरशीचा रोग. उसावर केवडा म्हणजे लोह कमी पडून पिवळी पडलेली पानं. कॅमेऱ्याने नेमका हाच भेद करायचा आहे आणि दोन्हींना नाव एकच!

प्रतिसाद १
मग शब्द बदलू नका, पीक जोडा: ‘द्राक्षाचा केवडा’, ‘उसाचा केवडा’. शेतकऱ्यांना लगेच कळेल.