मऊ, सादळलेला, वातड की शिळा?

गेल्या रविवारी आईला घेऊन लक्ष्मीनगरातल्या एका छोट्या मेक्सिकन हॉटेलात गेले होते. सहा टेबलं, गल्ल्यावर मालक, आत तव्यापाशी त्याची बायको. पैसे देताना त्यानं मोबाइल पुढे केला. 'ताई, तुम्ही मराठी शिकवता न, हे वाचा जरा.' कोणा गिऱ्हाइकानं लिहिलं होतं : 'टाको शिळा होता. कडक पाहिजे.' मालकाचा चेहरा उतरला होता. दुपारी चारला भाजलेली पोळी साडेसातला शिळी कशी, एवढाच त्याचा प्रश्न. मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते.

आधी पदार्थाबद्दल. मेक्सिकोत टाको मुळात मऊच असतो. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात, धुऊन वाटतात, त्या पिठाची पातळ पोळी तव्यावर भाजून सारणाभोवती दुमडतात. तळून वाकवलेला कुरकुरीत टाको रुजला तो अमेरिकेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा तोच खाल्ला. म्हणून मऊ टाको समोर आला की काहीतरी बिघडलंय असं वाटतं, आणि बिघडल्याचा हाताशी असलेला शब्द म्हणजे 'शिळा'.

पण 'शिळा' हा वेळेचा शब्द आहे. कालची पोळी शिळी, मग ती कितीही मऊ असो. 'सादळणं' हवेमुळे होतं, आणि जी वस्तू आधी कुरकुरीत होती तिचंच होतं. जुलैत उघडा राहिलेला पापड सादळतो, भाकर सादळत नाही. मऊ टाकोला 'सादळला' म्हणणंही म्हणून चुकीचंच. बाकीच्यांना काय वाटतं?

प्रतिसाद, धरमपेठहून :
ताई, माझ्या मते त्या माणसाला 'वातड' म्हणायचं असेल. मीही तिथं जाऊन आलो. पोळी आली तेव्हा मस्त लुसलुशीत होती, पण आमची पोरं दहा मिनिटं फोटोच काढून राहिली. वर पंखा फुल. मग तोडायला गेलो तर रबरासारखी ताणली जाय. आमच्या घरी याला चामटही म्हणतात. शिळी नव्हती हे मी शपथेवर सांगतो, पण वातड होती न बाप्पा.

प्रतिसाद, पुण्याहून :
'शिळा' हा शब्द संस्कृत 'शीतल'वरून आला आहे. मुळातला अर्थ गार झालेला. म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या बाजूनं थोडं बोलता येईल, पण आज कोणी गार चहाला शिळा म्हणत नाही, तेव्हा मालकाचं दुखणं खरं आहे. मला वेगळंच विचारायचं आहे. नागपूरला असताना त्याच प्रकारच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, 'वरून सांबार जास्त टाका.' टाकोवर सांबार?

माझा खुलासा :
विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी त्याचीच. तुमच्या इडलीबरोबरचं ते सांबार वेगळं. काकूंनी बरोबर मागितलं, टाकोवर बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर ही मेक्सिकोतलीच पद्धत आहे.

आता 'स्पायसी'बद्दल, कारण त्या हॉटेलाचे सगळे अभिप्राय मी नंतर घरी वाचून काढले. कोणी 'खूप स्पायसी' म्हणून तारे कापले, कोणी 'अजिबात स्पायसी नाही' म्हणून. एकाला मसाला जास्त वाटला होता की मिरची, कळायला मार्ग नाही. आपल्याकडे मसालेदार वेगळं, तिखट वेगळं, झणझणीत वेगळं. सावजी रश्श्याला झणझणीत म्हणतो तेव्हा तिखट, मसाला, तेलाची तर्री सगळंच त्यात येतं. हॅलापिन्यो मिरचीचं लोणचं नुसतं तिखट असतं, वर आंबट. त्याला झणझणीत म्हणणं मला पटत नाही. आणि भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या जिभेला ते फिकंच लागणार. तसं लिहावं की : 'आमच्या जिभेला फिकं'.

प्रतिसाद, पुण्याहून :
'तिखट' तीक्ष्ण वरून. स्पॅनिशमध्ये तिखटाला 'पिकांते' म्हणतात, त्याचं मूळ टोचणं. गरमासाठी त्यांचा शब्द निराळा, 'कालिएंते'. इंग्रजीत दोन्हींना एकच 'हॉट', म्हणून तिथे घोळ होतो. आपल्याकडे चवीच्या शब्दांची अदलाबदल मात्र झालेली आहे. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. कटुपासून आपला 'कडू' झाला आणि अर्थ पार पलटला.

प्रतिसाद, धरमपेठहून :
पण आपणही 'तोंडाची आग झाली' म्हणतोच न. मग ते गरमच झालं.

माझा प्रतिसाद :
ते शरीराच्या बाजूनं खरंच आहे. मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला चेतवतो, तोच रिसेप्टर भाजणारी उष्णताही ओळखतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. 'आग झाली' हा शब्दप्रयोग चपखल आहे. तिखटाला 'गरम' मात्र म्हणू नये.

एक शब्द मला अजून सापडलेला नाही. चिपोटले म्हणजे पिकलेली हॅलापिन्यो धुरावर वाळवलेली. नावच मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतलं, अर्थ धुरावलेली मिरची. त्याच भाषेतून टोमॅटो, चॉकलेट आणि आपला चिकूही आला. मालक त्या चटणीला 'स्मोकी' म्हणाला. आईनं बोटभर चाटली, डोळे मिटले आणि म्हणाली, 'तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास आहे गं.' मला तो वास क्षणात कळला. पण एका शब्दात? 'धुरकट' म्हटलं की दूध लागलंय असं वाटतं. 'खरपूस'मध्ये भाजणं येतं, धूर येत नाही.

प्रतिसाद, अकोल्याहून :
आमच्याकडे 'धुरी दिलेली' म्हणतात. दोन शब्द आहेत, पण त्यात दोष नाही. तुमच्या आईचं वाक्य त्याहून चांगलं आहे, अभिप्रायात तेच टाका.

माझा प्रतिसाद :
टाकलं. काल परत जाऊन मालकाला 'वातड'चा उलगडाही सांगितला. त्याला पटलं. आता पोळ्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून टोपलीतून देतो, मेक्सिकोतही तशाच देतात. मी त्या अभिप्रायाखाली त्याच्या वतीनं उत्तर लिहून दिलं : 'आपला टाको गार होऊन वातड झाला असावा, क्षमस्व. शिळा नव्हता.'