ब्रीफ लिहिताना माझं काय चुकतंय?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. बेळगावात डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला मी प्रॉडक्ट डिझाइनचा स्टुडिओ, म्हणजे करून शिकायचा वर्ग, घेते. या सत्रात ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारं टिपण, दिलं होतं: 'कोल्हापुरी चपलेला आजच्या तरुणाईसाठी नवं रूप द्या. मुदत ४ आठवडे.'

पहिल्या आढाव्याला २१ जणांनी भिंतीवर तक्ते लावले. जाड रबरी सोल, पट्ट्यावर भडक रंग, तिघांच्या चपलांवर तर वारली चित्रं. वारली कुठून आली म्हणून विचारलं, तर 'मॅडम, पिंटरेस्टवर होतं.' ही चपल बनते ते निपाणी इथून दीड तासावर, पण एकही पोरगं तिकडं जाऊन आलं नव्हतं. २०१९ साली या चपलेला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या ४ आणि कर्नाटकाच्या ४ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे, हेही वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं.

मुलं मेहनती आहेत हो. गोची माझ्या त्या दोन ओळींत असणार. ब्रीफमध्ये किती सांगावं आणि किती मोकळं सोडावं?

जुना मास्तर
'नवं रूप द्या' म्हटलंत, त्यांनी रूप दिलं. उत्तर काय प्रकारचं हवं ते तुम्ही आधीच सांगून बसलात.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी, ही राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्यातला लोट्यावरचा उतारा वर्गात वाचून दाखवा. लोट्यात पाणी किती मावावं, तो डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात, भरलेला असताना तोल कुठं आणि रिकामा असताना कुठं, ओततानाच नाही तर भरताना आणि घासताना पाणी कसं वाहतं, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो. नुसते प्रश्न. मी वीस वर्षं ब्रीफ लिहिली, ज्यात असे चार प्रश्न पडले तीच चांगली निघाली.

निपाणीची लेक
मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. रूप बदला म्हणून सांगणारे आमच्यात येतच असतात. आमची अडचण जूनला सुरू होते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पाण्यानं फुगतं, पावसात वाळत नाही, बुरशी धरते. घरात जागा किती, ते माळ्यावर टाकायचं की चुलीजवळ? यावर कुणी तक्ता लावलाय का?

दुसरं. चपलेच्या पट्ट्याची वेणी आई घालते. वादी, म्हणजे चामड्याची बारीक पट्टी, ओली असतानाच ओढावी लागते. जमिनीवर बसायचं, टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, दुपारपर्यंत मान धरते. आणि अस्सल चपलेत खिळा नसतो, सगळं चामड्याच्या वादीनं शिवलेलं. जाड रबर लावलं तर शिवणार कसं? चिकटवायलाच लागणार, मग शिवणाऱ्यांनी करायचं काय?

खडेबाजार
एक विचारू? ब्रीफ इंग्रजीत होतं ना? आमच्या कॉलेजात अर्धी पोरं मराठी, अर्धी कन्नड. इंग्रजी ब्रीफ हातात पडलं की ती आधी इंग्रजीतच शोधायला जातात. मराठी आणि कन्नड दोन्हीत द्या. वादी, चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी हे शब्द कागदावर असले, की पोरगं ते कुणाकडं मिळतात ते विचारत जातं.

टिळकवाडीकर
होय, इंग्रजीतच होतं. काल रात्री बसून परत लिहिलं, आता मराठीत. कन्नड माझी सहकारी करतेय.

'निपाणी भागात एक बाई रोज जमिनीवर बसून चपलेची वेणी घालते. जून ते सप्टेंबर तिच्या घरात चामडं वाळत नाही. या दोन्हींपैकी एक गोष्ट निवडा. पहिले ८ दिवस चित्र काढायचं नाही. ती किती वेळा उठते, हात कुठं थांबतो, चामडं घरात कुठं ठेवते, मोजून लिहा. चपलेचं रूप बदलू नका. शिलाई वादीचीच राहील. जे कराल ते तिला घरच्या हत्यारांनी दुरुस्त करता आलं पाहिजे.'

मुदत ६ आठवडे केली. निपाणीच्या ताई, शनिवारी आलो तर आईंना चालेल का? सहाच जण आणते, गर्दी करणार नाही.

निपाणीची लेक
या की. आईला विचारलं, हो म्हणाली. सकाळी नऊच्या आधी पोचा, वादी ओली असते तवर.