परवाना नाही, पण द्यायचा कुणी?

एकांनी लिहिलंय की रस्त्यावर माल विकणाऱ्याकडे परवाना नसेल तर पालिका हातगाडी उचलणारच, त्यात चूक काय? मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या आत्या जळगाव जिल्ह्यात बाजारपेठेत केळी विकतात. गेल्या उन्हाळ्यात गाडी उचलून नेली. चौथ्या दिवशी परत मिळाली तेव्हा घड काळे पडून पाणी सुटलेलं, वर चिलटं. आठवड्याचं भांडवल गेलं. परवान्यासाठी त्या तीनदा जाऊन आल्या होत्या. "विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायचंय" एवढंच उत्तर.

सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की पथविक्री, म्हणजे रस्त्यावर माल विकणं, हा राज्यघटनेच्या कलम १९ खालचा मूलभूत हक्क आहे. वाजवी बंधनं चालतात, मनमानी नाही. आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा तर स्पष्टच म्हणतो: विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाही विक्रेत्याला हटवायचं नाही. म्हणजे काम पालिकेचं रखडलेलं आणि शिक्षा आत्यांना!

नाशवंत माल मागितल्यास त्याच दिवशी परत द्यावा लागतो, हेही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे कुणाची गाडी उचलली तर जप्त मालाची सही केलेली यादी तिथेच मागून घ्या आणि माल परत मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घेऊन.