बीजिंग ते शांघाय: नेमकं अंतर किती आणि वेळ किती धरावा?

भटक्या_७७: बीजिंग-शांघाय अंतर कुठे १,०७० किमी दिसतं, कुठे १,२००, कुठे १,३१८, तर कुठे थेट १,४६३. यातलं खरं कोणतं? सकाळी बीजिंगहून निघून दुपारी ३ वाजता शांघायच्या पीपल्स स्क्वेअरजवळ मीटिंगला पोचायचं आहे. विमान घ्यावं की ट्रेन?

रूळवाला: चारही आकडे बरोबर आहेत, फक्त मार्ग वेगळे. १,०७० हे सरळ हवाई अंतर आणि १,२०० च्या आसपासचं रस्त्याचं. २०११ मध्ये सुरू झालेला हायस्पीड मार्ग १,३१८ किमीचा आहे आणि १,४६३ हा जुना रेल्वेमार्ग. नियोजनात किलोमीटर बाजूला ठेवा, घराच्या दारापासून मीटिंगच्या दारापर्यंतचा वेळ मोजा.

तुमच्यासाठी ट्रेनच. बीजिंग साउथ ते शांघाय होंगछ्याओ. सगळ्यात जलद 'जी' गाड्यांना (नंबर 'जी'ने सुरू होणाऱ्या हायस्पीड गाड्या) साधारण साडेचार तास लागतात. पण सगळ्या 'जी' गाड्या सारख्या नाहीत. चिनान, श्यूचौ असे थांबे घेत जाणारीला सहा तासही लागतात, म्हणून नंबर नव्हे, पोचायची वेळ बघून तिकीट काढा. ९ च्या सुमारास सुटणारी जलद गाडी दीडच्या आसपास पोचवते. स्टेशनातूनच मेट्रोची २ नंबर लाइन धरा, अर्ध्या-पाऊण तासात पीपल्स स्क्वेअर.

'डी' ची (नंबर 'डी'ने सुरू होणारी, 'जी'पेक्षा हळू) रात्रीची स्लीपर गाडी साधारण बारा तास घेते. हॉटेलची एक रात्र वाचते, हे तिचं खरं आकर्षण.

आकाशमार्गी: विमान हवेत दोन-सव्वादोन तासच असतं, पण बीजिंगचा दाशिंग विमानतळ शहराच्या मध्यापासून दक्षिणेला ४५ किमीच्या पुढे आहे. चेक-इन, सुरक्षा तपासणी, सामानाची वाट हे सगळं धरलं की सहा तास सहज जातात. उन्हाळ्यात वादळी पावसाने उड्डाणं रखडतात, त्यामुळे ३ च्या मीटिंगसाठी विमानाची जोखीम घेऊ नका. जायचंच असेल तर शांघायला होंगछ्याओ विमानतळ निवडा, ते रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. दुसरा विमानतळ, पुदोंग, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

आणि पॉवर बँक! जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानात '३सी' (चीनचं सक्तीचं सुरक्षा प्रमाणन) खूण नसलेली चालत नाही. भारतातून नेलेलीवर ती बहुधा नसते, सुरक्षा तपासणीतच काढून घेतात.

भटक्या_७७: ट्रेनच ठरवतो. तिकिटाचं कसं?

रूळवाला: बुकिंग १५ दिवस आधी उघडतं. रेल्वेचं अधिकृत अ‍ॅप १२३०६, त्यात परदेशी पासपोर्टची पडताळणी आधीच उरकून घ्या, ऐनवेळी तीच अडते. नाव आणि नंबर पासपोर्टवर आहेत तसेच हवेत. छापील तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावरच्या मशीनने तो वाचला नाही तर कर्मचारी असलेल्या रांगेत जा.

सेकंड क्लासचं भाडं गाडीनुसार बदलतं, साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युआन धरा. खिडकी हवी तर 'ए' किंवा 'एफ' सीट.

स्टेशनवर तासभर आधी पोचा, कारण आत शिरतानाच सामान स्कॅन होतं आणि प्लॅटफॉर्मचं फाटक गाडी सुटण्याआधी काही मिनिटं बंद होतं. बंद झालं की गाडी समोर उभी असूनही सोडत नाहीत.

नकाशाप्रेमी: एक भर. तिकिटावर 'शांघाय' आहे की 'शांघाय होंगछ्याओ', ते नीट वाचा. दोन वेगळी स्टेशनं आहेत. बीजिंगमध्येही 'बीजिंग', 'बीजिंग साउथ' आणि 'बीजिंग वेस्ट' वेगवेगळी. १ ऑक्टोबरच्या सुट्टीचा आठवडा किंवा चिनी नववर्ष असेल तर बुकिंग उघडेल त्याच मिनिटाला तिकीट काढा.