एमआरआयमध्ये बल्ज आलाय, २० हजारांची खुर्ची घेऊ का?

हिंजवडीवाली:
मंडळी जरा सांगा. आयटीत आहे, वय ३४, आठवड्यातून दोनदा ऑफिस, बाकी घरून काम म्हणजे डायनिंग टेबल, त्याचीच लाकडी खुर्ची आणि लॅपटॉप. पावसाळ्यापासून कंबर धरायची, तेल-शेक केला की सुटायची, पण मागच्या महिन्यात खाली पडलेला चार्जर उचलायला वाकले आणि अशी उसण भरली की टेबल धरून तशीच उभी राहिले. एमआरआय काढला, तर एल४-एल५ ला (कंबरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली, डिहायड्रेशन असं काय काय लिहिलंय, वाचून झोप उडाली. सासूबाई म्हणतात मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. दीर म्हणतो २० हजारांची गेमिंग चेअर घे. पट्टा तर शेजारच्या काकूंनी आणूनच दिला. पायात मुंग्या-बिंग्या नाहीत, दुखतं ते कंबरेतच, पण दोन तासांचा कॉल झाला की उठताना सरळच होता येत नाही. खुर्ची घेऊ का? आणि हा बल्ज जातो का कधी?

फिजिओ_कोथरूड:
ताई, तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण रिपोर्टची भीती थोडी कमी करते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआय-सीटीचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ साली आकडे काढले होते, त्यात तिशीतल्या ४० टक्के लोकांना बल्ज होता आणि गादी झिजल्याच्या खुणा तर निम्म्यांहून जास्त जणांना. ही सगळी न दुखणारी माणसं! म्हणजे तुमचं दुखणं त्या बल्जमुळेच आहे असं नुसत्या रिपोर्टवरून कुणी ठरवू शकत नाही. आणि डिहायड्रेशन वाचून तांब्याने पाणी प्यायला लागू नका, त्याचा तुमच्या पाणी पिण्याशी काही संबंध नाही, गादीतला ओलावा वयाप्रमाणे कमी होतो एवढंच.

आता बसण्याचं. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, पोषण वरखालच्या मणक्यांतून झिरपत येतं. स्पंजसारखं समजा, दाब आला की पाणी बाहेर, सुटला की आत. म्हणून तर रात्री आपली उंची सकाळपेक्षा सेंटीमीटरभर कमी भरते. स्वीडनचे नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात थेट गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभ्यापेक्षा बसल्यावर जास्त आला, आणि 'बसणं घातक' हे तिथपासून चालू आहे. पण १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांच्या टीमने परत मोजला तर मागे रेलून बसल्यावर तो उभ्यापेक्षा कमीच निघाला, वाढला तो पुढे वाकून बसल्यावर. लॅपटॉपमध्ये तोंड घालून आपण नेमके तसेच बसतो.

तुमच्या घरचं सांगते. डायनिंग टेबल टायपिंगला उंच पडतं, खांदे कानाला लागतात. खुर्चीवर उशी घेऊन उंच बसा, मग पाय लोंबकळतील, तर पायाखाली जेवायचा पाट ठेवा. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घाला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. २० हजारांतले दीड-दोन हजारच जातील.

ब्रँचवाला:
फिजिओताईंना अनुमोदन. मी बँकेत, मार्च एंडला आमच्या अख्ख्या ब्रँचच्या कमरा गेलेल्या असतात. साहेबांनी केबिनला भारी खुर्ची मागवली, झालं काय, ती इतकी आरामाची की साहेब आता जेवायलासुद्धा उठत नाहीत आणि पाठ दुखते म्हणून आम्हाला पिडतात 😄 मी पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवतो, भरायला उठावंच लागतं, आणि फोन आला की उभा राहतो. मोबाइलचा अलार्म वगैरे मी तरी दोन दिवसांत बंद केला असता.

सकाळी_आखडलेला:
एक विचारू का, पहाटे दुखून जाग येते का? सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडल्यासारखं, आणि झोपून राहिलं की वाढतं, हिंडलं-फिरलं की मोकळं होतं, असं? असेल तर र्‍हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखवा. मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात, निघाला, तो तरुण वयातच सुरू होतो आणि माझ्या बाबतीत सगळे इतकी वर्षं बिचाऱ्या खुर्चीलाच बोल लावत होते.

हिंजवडीवाली:
नाही हो, सकाळी उलट बरं असतं, संध्याकाळीच वाट लागते. पाट लगेच काढला माळ्यावरून, मुलगा विचारतोय आई टेबलाखाली कोण जेवायला बसणार 😅 पट्ट्याचं काय करू पण? आणि सासूबाई कणीकसुद्धा मळू देत नाहीयेत.

फिजिओ_कोथरूड:
कणीक मळा, ओट्याशी उभ्याने. अगदीच उसण भरलेली असेल तेव्हा दोन-चार दिवस पट्टा चालेल, पण रोज बांधून बसू नका, आणि पडून तर अजिबात राहू नका, अशी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत चालत-फिरत कमी होते. कॉलमध्ये कॅमेरा बंद असेल तर हॉलमध्ये फेऱ्या मारा, त्रास कमी झाला की कुणाकडून तरी व्यायाम नीट शिकून घ्या. मात्र लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, पायातला जोर गेला तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कंबरेबरोबर ताप किंवा विनाकारण वजन उतरत असेल तरी डॉक्टरांना दाखवा.

ब्रँचवाला:
आणि दिराला सांगा, गेमिंग चेअर त्याला स्वतःला हवी असेल तर सरळ मागावी 😄