चॉपिंग बोर्डचे सांधे उघडले आणि बोर्ड मधून वर आला, काय चुकलं?

कोरेगावकर:
सागवान आणि बाभळीच्या ७ पट्ट्या आलटून-पालटून चिकटवून बोर्ड केलाय. पट्टी ४० सेंमी लांब, ४० मिमी रुंद, २५ मिमी जाड. पांढरा गोंद लावला, दोन टी-क्लॅम्प (लांब दांडीचे शिकंजे) खालून आवळले, रात्रभर ठेवले. क्लॅम्प सोडले तेव्हाच बोर्ड मधोमध ३ मिमी वर आलेला होता. पंधरा दिवसांनी दोन सांधे टोकांकडून उघडले. फटीत बघितलं तर सागवानाच्या बाजूला गोंद धरलेलाच नाही. बाभूळ जुलैत वखारीतून आणली होती. बोर्ड वाचेल का?

रंधा_सांगली:
वाचेल. पण आधी दोष वेगळे करून घ्या. क्लॅम्प सोडताच दिसलेला बाक क्लॅम्पचा आहे, नंतर उघडलेली टोकं ओलाव्याची.

दोन्ही क्लॅम्प खालून लावले की दाब खालच्या कडेवर जास्त येतो, वरचा सांधा मोकळा राहतो आणि मधला भाग उचलतो. म्हणून एक क्लॅम्प खालून, दुसरा वरून, असे आळीपाळीने लावायचे. शिवाय पट्ट्यांना आडव्या, वर-खाली दोन सरळ रिपा जी-क्लॅम्पने दाबायच्या. रिपांना पॅकिंग टेप गुंडाळा, नाहीतर त्याही चिकटतील.

दोन क्लॅम्प कमीच आहेत. कठीण लाकडाला साधारण १० किलो प्रति चौ. सेंमी दाब लागतो. तुमचा एक सांधा ४० × २.५ म्हणजे १०० चौ. सेंमी, म्हणजे एकूण हजार किलो. चार क्लॅम्प घ्या, १०-१२ सेंमीवर एक. जबड्याखाली लाकडी ठोकळा ठेवा, दाब पसरतो. आधी मधले आवळा, मग टोकाचे.

पण गोंदाआधी पट्ट्या कोरड्याच जुळवून बघा. हाताच्या दाबाने फट मिटली नाही, पलीकडचा उजेड दिसला, तर परत रंधा मारा. क्लॅम्पने ओढून मिटवलेली फट पुढे उघडतेच.

पावसाळ्यात आणलेली बाभूळ ओली असणारच. टोकं आधी वाळतात, आकसतात, सांधा तिथूनच सुटतो. ओलावा ८ ते १२ टक्के हवा. मीटर नसेल तर एक पट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

कराडचा_सुतार:
सागवानाबद्दल बोलायचं राहिलं. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते पृष्ठभागावर येऊन बसतं. ताजा रंधा मारा, अ‍ॅसिटोनने पुसा, उडून गेलं की लगेच गोंद लावा. आदल्या दिवशी रंधलेल्या कडेवर लावू नका.

गोंद पाण्याला टिकणारा, डी-३ दर्जाचा घ्या. सहा सांध्यांचं क्षेत्रफळ ६०० चौ. सेंमी; १२ ग्रॅम पुरतो, सांडलवंड धरून २० ग्रॅम काढा. आवळल्यावर सांध्यावर सलग बारीक मणी यायला हवेत. ओल्या फडक्याने पुसू नका, पातळ झालेला गोंद रेषांत मुरतो आणि तेल लावल्यावर डाग दिसतो. तासाभरात तो रबरासारखा होतो, तेव्हा पटाशीने खरवडा.

आणि बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असतं. ओला गोंद आणि क्लॅम्पचं लोखंड लागलं की काळा डाग पडतो, तो खोल जातो. मध्ये मेणकागद ठेवा.

कोरेगावकर:
धन्यवाद दादा. आता आहे तो बोर्ड कसा सोडवू? आणि शेवटी शेंगदाणा तेल चालेल का?

रंधा_सांगली:
सगळ्या सांध्यांवरून उभा कापा, जुना गोंद पूर्ण जाईपर्यंत कडा रंधा, गुण्या लावून काटकोन तपासा. सांध्यामागे ४-५ मिमी जातील. २८ सेंमीचा बोर्ड २५ च्या आसपास राहील. पट्ट्या महिनाभर सावलीत, हवेशीर जागी वाळवा, मग चिकटवा. २४ तास होईपर्यंत रंधा मारू नका. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर वाळल्यावर तिथे खोलगट रेघ उमटते.

शेंगदाणा तेल नको, खवट होतं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घ्या, चार भागाला एक भाग मधमाश्यांचं मेण वितळवा. महाबळेश्वरकडे, मांघरसारख्या गावात, मधपाळांकडे मेणाची चौकशी करा. दोन्ही बाजूंना आणि टोकांना सारखं लावा, टोकं जास्त पितात. खाली रबरी पाय ठोका, म्हणजे खालूनही वारा लागेल.