मदत हवी आहे: टाकीचं फ्लोटेशन, चेकर परत पाठवतोय

खडीवाळू:
डोकं उठलंय. जमिनीखालच्या आरसीसी टाकीचं कॅल्क्युलेशन चेकरनं (डिझाइन तपासणाऱ्यानं) दुसऱ्यांदा परत पाठवलं. शेरा तोच: 'फ्लोटेशन पुन्हा तपासा', म्हणजे भूजलानं टाकी तरंगून वर उचलली जाते का ते. फॅक्टर (टाकीचं वजन भागिले पाण्याचा वर ढकलणारा जोर) लागतो १.२, माझा २.०८ येतोय! अजून काय तपासू? उद्या ड्रॉइंग द्यायचंय.

निवांत:
मापं? भूजल किती खोल धरलंय? की आम्हीच ओळखायचं?

ओलीभिंत:
बाहेरून मेम्ब्रेन (पाणी अडवणारा थर) मारा, जॉइंटला वॉटरस्टॉप पट्टी. माझ्या टाकीची गळती पूर्ण बंद झाली.

खडीवाळू:
बाहेरून ६ × ४ मीटर, एकूण उंची ३.५, वरचा स्लॅब जमिनीला लेव्हल. भिंती २५० मिमी, तळ ३००, स्लॅब २००. भूजल जमिनीच्या १ मीटर खाली.
@ओलीभिंत, गळती नाहीये हो.

निवांत:
काँक्रीट २६.२५ घनमीटर, दर घनमीटरला २५ नं गुणलं की वजन ६५६ किलोन्यूटन. बुडालेला भाग ६ × ४ × २.५, अपलिफ्ट (पाण्याचा वर ढकलणारा जोर) ५८९. फॅक्टर १.११. आतलं पाणी वजनात धरलंत ना?

खडीवाळू:
हो मग. पाण्याचीच टाकी आहे, भरलेलीच असणार.

दादूमिस्त्री:
आणि धुवायला रिकामी कराल तेव्हा? रिकाम्या टाकीवरच तपासायचं असतं राव. ते १ मीटर कधी मोजलंय?

खडीवाळू:
बोअर घेतला तेव्हा. कोरडे दिवस होते.

निवांत:
घ्या! पाणी जमिनीच्या लेव्हलला धरा. अपलिफ्ट ८२४, फॅक्टर ०.८०. चेकर बरोबर आहे. माती चिकण असेल तर भूजल खोल असूनही खड्डा भरतो: बॅकफिल (टाकीभोवती परत भरलेली माती) सैल, त्यात पाऊस मुरतो आणि टाकी पातेल्यात ठेवल्यासारखी उभी.

झडप:
तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बसवा, बाहेरचा दाब वाढला की तो पाणी आत घेतो, विषय संपला. मी नेहमी हेच करतो.

निवांत:
म्हणजे बाहेरचं गढूळ पाणी टाकीत? पिण्याची टाकी असली तर? आणि व्हॉल्व्ह मातीनं जाम झाला की पुन्हा ०.८०.

झडप:
फिल्टर नीट दिला तर जाम होत नाही. ज्यांनी बसवलाच नाही त्यांना काय कळणार.

दादूमिस्त्री:
भांडा तुम्ही. मी डोळ्यांनी बघितलंय. भिंती झालेल्या, बॅकफिलही झालेलं, वरचा स्लॅब बाकी. रात्री डीवॉटरिंगचा (खड्ड्यातलं पाणी उपसायचा) पंप डिझेल संपून बंद पडला, वरून पाऊस. सकाळी एक कोपरा वीतभर वर, स्टार्टर बार (पुढच्या कामासाठी वर सोडलेल्या सळ्या) सगळे तिरके. पाणी उतरल्यावर टाकी परत बसेल म्हणाले, पण खाली चिखल शिरला होता. नाही बसली ती. पंपाचा भरवसा नसेल तर बांधताना टाकीतच पाणी सोडा.

खडीवाळू:
हो, पिण्याचीच आहे, लिहायचं राहिलं. मग तळ जाड करू का?

निवांत:
करा, पण किती ते बघा. तळ खाली वाढवला की जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणजे दर घनमीटरला हातात जेमतेम १५ किलोन्यूटन. १.२ गाठायला तळ साधारण १.३५ मीटर जाड लागेल. त्यापेक्षा चारही बाजूंनी तळ अर्धा मीटर बाहेर काढा, त्या बाहेर आलेल्या भागावर, म्हणजे टोवर, मातीचं वजन आयतं मिळतं. माती बुडालेलीच, म्हणजे पाण्यात हलकी झालेली धरा. भिंतीलगतचं घर्षण मी धरत नाही. आणि वरच्या दिशेच्या दाबासाठी तळाचं स्टील तपासा, ते सगळे विसरतात.

खडीवाळू:
केलं! बुडालेल्या मातीचं दर घनमीटरला ८ किलोन्यूटन धरून १.१९९ येतंय. चालेल ना?

दादूमिस्त्री:
८ कुठून आणलं? बॅकफिल कशाचं आहे?

ओलीभिंत:
मग मेम्ब्रेन टोच्या वरून घेणार की खालून?